दृष्टिबाधित विद्यार्थ्यांचे सामाजिक समावेशन : हक्क, वाचन आणि परीक्षा

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेने प्रत्येक नागरिकास दर्जाची व संधीची समानता देण्याचे अभिवचन दिले आहे. हे अभिवचन प्रत्यक्षात उतरण्याचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे शिक्षण होय. परंतु आपली सारी शिक्षणव्यवस्था डोळ्यांनी वाचता येते हे गृहीत धरून उभी राहिलेली आहे. फळा, पुस्तक, सूचनाफलक, प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका ही सर्व साधने दृष्टीवर अवलंबून आहेत. ज्यांना दृष्टी नाही किंवा अपुरी आहे, त्यांचे या व्यवस्थेतील स्थान कोणते, हा प्रश्न म्हणूनच केवळ समाजकल्याणाचा नसून शिक्षणाच्या स्वरूपाचा आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील दिव्यांग व्यक्तींची संख्या २.६८ कोटी इतकी होती. त्यांपैकी ५०.३ लाख व्यक्ती दृष्टिबाधित होत्या. महाराष्ट्रातील दृष्टिबाधितांची संख्या सुमारे ५.७४ लाख होती. ही संख्या मोठी असली तरी महाविद्यालयाच्या वर्गात मात्र असा विद्यार्थी क्वचित एखादाच असतो. तो एकटा असल्यामुळे त्याच्या गरजा अपवाद म्हणून बाजूला ठेवल्या जातात.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचे प्रमुख केंद्र आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने येथे महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय होय. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. ज्ञानापासून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले त्यांना ज्ञानाजवळ आणणे, ही या शहराच्या शैक्षणिक परंपरेची मूळ प्रेरणा आहे. जालना, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून येथे शिकावयास येणाऱ्या दृष्टिबाधित विद्यार्थ्यांचा विचारही याच प्रेरणेच्या संदर्भात व्हावयास हवा.

प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन असे आहे की, महाविद्यालयात प्रवेश मिळणे आणि महाविद्यालयात समावेश होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रवेशाची हमी कायदा देतो. समावेश मात्र पाठ्यमजकूर विद्यार्थ्यापर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचतो आणि त्याची परीक्षा कशी घेतली जाते, यावर ठरतो. या दोन्ही बाबी बऱ्याच अंशी प्राध्यापकांच्या हाती आहेत.

या विषयाकडे वळण्यास प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा एक अनुभव कारणीभूत ठरला. पदवी वर्गास मूलभूत हक्क हे प्रकरण शिकविताना लेखकाने आपल्या हस्तलिखित टिपणांची भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढून ती वर्गाच्या गटावर पाठविली. दुसऱ्या दिवशी वर्गातील दृष्टिहीन विद्यार्थिनीने तास संपल्यावर सांगितले, “सर, माझा फोन नुसतं ‘फोटो’, ‘फोटो’ एवढंच म्हणतो.” समानतेच्या हक्कावरील टिपणे वर्गातील सर्वांना मिळाली होती, फक्त तिला मिळाली नव्हती. तिने तक्रार केली नव्हती, तिच्या स्वरात रागही नव्हता. असे होणार हे तिने गृहीत धरले होते, ही गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी होती.

दृष्टिबाधा : संकल्पना आणि संज्ञा

‘दृष्टिबाधित’ या संज्ञेत दोन प्रकारच्या व्यक्तींचा अंतर्भाव होतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार दृष्टीचा पूर्ण अभाव असल्यास, किंवा शक्य त्या सर्व उपचारांनंतर व चष्म्यानंतरही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असल्यास, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असल्यास त्या व्यक्तीस अंध समजले जाते. ३/६० याचा अर्थ असा की, सामान्य दृष्टीच्या माणसास जे ६० मीटरवरून दिसते ते पाहण्यासाठी या व्यक्तीस ३ मीटर अंतरावर यावे लागते. ज्यांची दृष्टी ६/१८ ते ३/६० या दरम्यान आहे, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी आहे, त्यांना अल्पदृष्टी समजले जाते.

हा भेद वर्गात महत्त्वाचा ठरतो. अल्पदृष्टी विद्यार्थी पांढरी काठी वापरत नाही, त्याच्याकडे पाहून काही वेगळे जाणवत नाही. फळ्यावरचे त्याला दिसत नसते, परंतु तसे सांगण्याचा त्यास संकोच वाटतो. अशा विद्यार्थ्याविषयी ‘लक्ष नाही’ किंवा ‘अभ्यासात कच्चा’ असा ग्रह सहज होतो. मोठ्या टायपातील प्रत, पहिल्या बाकावरील जागा आणि फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचण्याची शिक्षकाची सवय एवढ्याने त्याचा प्रश्न बराचसा सुटू शकतो.

संज्ञांच्या संदर्भात मराठीत बराच प्रवास झालेला आहे. ‘आंधळा’ या शब्दातील तुच्छता टाळण्यासाठी ‘अंध’ हा शब्द आला, ‘अपंग’ या शब्दाच्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द शासनव्यवहारात रूढ झाला. ‘प्रज्ञाचक्षू’ हा गौरवाचा शब्द तर आपल्याकडे पूर्वीपासून आहे. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) यांना तो आदराने लावला जातो. शैशवातच दृष्टी गेलेल्या या संताने अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरांहून अधिक ग्रंथांची रचना केली. इतरांनी वाचून दाखवावे, त्यांनी ऐकावे, त्यांनी सांगावे आणि इतरांनी लिहून घ्यावे, अशा मार्गाने ही ग्रंथनिर्मिती झाली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, वाचक आणि लेखनिक उपलब्ध असल्यामुळे त्यांची प्रज्ञा ग्रंथरूपाने प्रकट होऊ शकली. आपण गौरवाचा शब्द तेवढा जपला, त्यामागील व्यवस्थेकडे मात्र पुरेसे लक्ष दिले नाही.

दयाबुद्धीकडून हक्काकडे

महाराष्ट्रात अंधांच्या शिक्षणाचा प्रारंभ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाला. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांसाठी शाळा सुरू केली. ती आज दादर येथील श्रीमती कमला मेहता अंध विद्यालय म्हणून ओळखली जाते. १९०२ मध्ये मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल अंध विद्यालय स्थापन झाले. पुण्यात १९३४ मध्ये अंधशाळा सुरू झाली. १९५२ मध्ये मुंबई येथे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन होऊन या कार्यास देशव्यापी रूप आले. या सर्व संस्थांचे ऋण मोठे आहे. तथापि, बराच काळ हे कार्य धर्मादाय भावनेने चालले. वेत विणणे, हातमाग, संगीत, दूरध्वनी यंत्रचालन अशा ठरावीक व्यवसायांपुरतीच अंधांची क्षमता मानली गेली.

या दृष्टिकोनात बदल घडविणारा पहिला केंद्रीय कायदा १९९५ मध्ये संमत झाला व ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिले व त्यातील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी राखून ठेवला. डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. या करारास अनुसरून २०१६ चा अधिनियम तयार झाला व तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला.

नव्या कायद्यामागील विचार जुन्या कायद्याहून मूलतः वेगळा आहे. अडचण व्यक्तीच्या शरीरात नसून, शरीराची विशिष्ट स्थिती आणि समाजाने उभे केलेले अडथळे यांच्या परस्परसंबंधातून ती निर्माण होते, अशी या विचाराची मांडणी आहे. विद्यार्थिनीस दिसत नाही ही वस्तुस्थिती होय. टिपणे छायाचित्ररूपात देणे हा अडथळा होय. पहिली गोष्ट शिक्षकास बदलता येत नाही, दुसरी येते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने या अधिनियमातील काही तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व (४० टक्के वा अधिक) असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. या विद्यार्थ्यांना वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत आहे. शासनमान्य शिक्षणसंस्थांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुसार ‘वाजवी सोय’ करून द्यावी, असा दंडक आहे. अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य ते बदल, जादा वेळ व लेखनिक यांचाही कायद्यातच उल्लेख आहे. शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण ४ टक्के झाले असून त्यात अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी १ टक्का कायम आहे. प्रत्येक आस्थापनेने आपले समान संधी धोरण प्रसिद्ध करावे, हेही बंधनकारक आहे.

यांपैकी ‘वाजवी सोय’ ही संकल्पना नीट समजून घेणे आवश्यक आहे. ती सवलत नव्हे. सवलतीत अपेक्षा कमी केली जाते. वाजवी सोयीत अपेक्षा तीच राहते, ती पूर्ण करण्याचा मार्ग तेवढा बदलतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यास ‘उत्तीर्ण होण्यापुरते’ गुण देऊन पुढे ढकलणे हा त्याचा समावेश नसून त्याच्या क्षमतेचा अव्हेर आहे.

वाचनाचा प्रश्न

दृष्टिहीन व्यक्तीस वाचनाचे दोन मार्ग उपलब्ध आहेत : स्पर्श आणि श्रवण.

स्पर्शाने वाचण्याची लिपी फ्रान्समधील लुई ब्रेल (१८०९-१८५२) यांनी किशोरवयात सिद्ध केली. उभ्या दोन रांगांत तीन-तीन अशा सहा उठावदार बिंदूंच्या ६३ रचनांवर ही लिपी आधारलेली आहे. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही सामाईक पद्धत १९५१ मध्ये स्वीकारण्यात आली. तीत ‘अ’ हा पहिल्या एका बिंदूने, तर ‘क’ हा पहिल्या व तिसऱ्या बिंदूने दर्शविला जातो. छापील मराठीत ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते. ब्रेलमध्ये मात्र आधी ‘क’ व नंतर ‘इ’ असा उच्चाराचाच क्रम असतो. मराठीत ब्रेल वाचनसाहित्याची दीर्घकाळ टंचाई होती. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, ही या संदर्भातील एक महत्त्वाची घटना होय.

ब्रेल पुस्तके आकाराने मोठी व खर्चिक असतात. एका छापील ग्रंथाचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात. म्हणून उच्च शिक्षणात श्रवणाचा मार्ग अधिक वापरला जातो. संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखविणाऱ्या प्रणालीस ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. ‘एनव्हीडीए’ ही अशी विनामूल्य प्रणाली २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने विकसित करण्यास प्रारंभ केला. ती आज मराठी मजकूरही वाचते.

येथेच आपल्या महाविद्यालयांतील एक दुर्लक्षित अडथळा समोर येतो. मराठी टंकलेखनासाठी अनेक वर्षे जे फाँट वापरले गेले, त्यांत देवनागरी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असतात. पडद्यावर डोळ्यांना ‘महाविद्यालय’ दिसते, परंतु संगणकाच्या स्मरणात रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक मालिका साठवलेली असते. स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही, साठवलेले संकेत वाचतो. त्यामुळे दृष्टिहीन वाचकास मराठीऐवजी अर्थहीन ध्वनी ऐकू येतात. युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा स्वतंत्र संकेत असतो. म्हणून युनिकोडमधील मजकूर त्यास स्पष्ट मराठीत ऐकता येतो. हीच अडचण पाने चित्ररूपात स्कॅन करून तयार केलेल्या पीडीएफ प्रतींची आहे. परिपत्रके, वेळापत्रके, प्रश्नसंच, जुन्या प्रश्नपत्रिका आणि संशोधनपत्रिका यांपैकी कितीतरी मजकूर या दोन कारणांमुळे दृष्टिहीनांसाठी बंद राहतो. वाचनालयाचे दार उघडे असते, पुस्तक मात्र कुलूपबंद असते.

पाठ्यपुस्तकाचे असे रूपांतर करणे स्वामित्वहक्काचा भंग ठरेल, अशी शंका काही प्राध्यापकांच्या मनात असते. ती निराधार आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, दिव्यांग व्यक्तीस वाचता यावे यासाठी कोणत्याही व्यक्तीने कोणत्याही कृतीचे सुगम स्वरूपात रूपांतर करून शैक्षणिक किंवा संशोधनाच्या हेतूने ते त्या व्यक्तीस देणे हा भंग मानला जात नाही. २०१३ मध्ये माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला व २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले. कायद्याने दार उघडलेले आहे. त्यातून आत जाण्याचे काम अद्याप बाकी आहे.

महाविद्यालयाच्या पातळीवर काय होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दिसते. तेथे २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र सुरू झाले. पुस्तकांचे सुगम रूपांतर व सहायक तंत्रज्ञान यांबरोबरच कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीसारख्या धोरणात्मक प्रश्नांतही या केंद्राने पुढाकार घेतला. महाविद्यालयातून सुरू झालेले काम देशाच्या कायद्यापर्यंत पोहोचू शकते, ही गोष्ट आपणा सर्वांस विचारप्रवृत्त करणारी आहे.

श्रवणमार्गाची एक मर्यादाही येथे नोंदविली पाहिजे. ‘कि’ आणि ‘की’ यांतील भेद कानास क्वचितच जाणवतो. ज्याने मराठी केवळ ऐकूनच शिकली, त्यास ह्रस्व-दीर्घाचे, जोडाक्षरांचे व विरामचिन्हांचे ज्ञान होणे अवघड जाते. ब्रेलमध्ये हे सारे बोटांस कळते. म्हणून ध्वनितंत्रज्ञानामुळे ब्रेल कालबाह्य झाले असे समजणे योग्य नाही. भाषाविषयाच्या विद्यार्थ्यास तर दोन्ही मार्ग आवश्यक आहेत.

परीक्षा आणि लेखनिक

विद्यार्थ्यांच्या बोलीत ज्यास ‘रायटर’ म्हणतात, त्या लेखनिकाचा प्रश्न हा दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या जीवनातील अत्यंत बिकट प्रश्न आहे. प्रवेशपत्र हाती आल्यापासून त्याची धावपळ अभ्यासासाठी नव्हे, तर लेखनिकासाठी सुरू होते. ओळखीपाळखीतून, शेजारच्या शाळेतून, वसतिगृहातून कोणी मिळाले तर परीक्षा होते. ऐन वेळी लेखनिक आला नाही तर वर्ष वाया जाण्याची वेळ येते.

केंद्र शासनाने २०१३ व २०१८ मध्ये लेखी परीक्षांसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २०१८ च्या सूचनांत प्रत्येक तासास किमान २० मिनिटे जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास, अशी तरतूद होती. ऑगस्ट २०२५ मध्ये या सूचना सुधारण्यात आल्या. उमेदवाराने लेखनिक शोधत फिरण्याऐवजी परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच लेखनिकांची तयारी ठेवावी, अशी त्यांची दिशा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीसही गरजेनुसार लेखनिक मिळू शकतो, असा निर्णय दिला. गैरवापर होईल या भीतीपोटी गरजूंचा हक्क नाकारता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

नियम असूनही परीक्षागृहात ज्या अडचणी येतात, त्या नियमपुस्तिकेत आढळत नाहीत. दृष्टी असलेला विद्यार्थी प्रश्नपत्रिकेवर नजर फिरवून आधी कोणता प्रश्न सोडवावा हे ठरवितो. दृष्टिहीन विद्यार्थ्यास हे नियोजन संपूर्ण प्रश्नपत्रिका ऐकून, स्मरणात ठेवून करावे लागते. लेखनिकास विषयाची परिभाषा अपरिचित असल्यास एकेक संज्ञा अक्षरशः फोड करून सांगावी लागते. लेखनिकाचे हस्ताक्षर व त्याचे ह्रस्व-दीर्घ विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत शुद्धलेखनाचे गुण कापताना आपण नेमके कोणाचे गुण कापतो, हा प्रश्न परीक्षकाने स्वतःस विचारावयास हवा. नकाशा, आलेख, आकृती यांवरील प्रश्नांस पर्यायी प्रश्न नसल्यास तेवढ्या गुणांचे दार आधीच बंद होते.

याहून गंभीर अडचण मानसिक आहे. उत्तर विद्यार्थ्याचे की लेखनिकाचे, अशी शंका पर्यवेक्षकाच्या नजरेत असते आणि दिसत नसतानाही विद्यार्थ्यास ती जाणवते. या शंकेस मराठी भाषेच्या इतिहासातच उत्तर आहे. छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गाजवळच्या नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, असे परंपरा सांगते. तथापि, ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांची आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. सांगणारा कर्ता असतो आणि लिहिणारा लेखनिक असतो, हा भेद आपल्या परंपरेने सातशे वर्षांपूर्वीच मान्य केलेला आहे. परीक्षागृहात तो मान्य करण्यास अडचण असू नये.

परिसर आणि मूल्यांकन

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या २०१७ नंतरच्या आराखड्यात दिव्यांगस्नेही परिसरासंबंधी माहिती मागविली जात असे. तीत रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह व दिशादर्शक फलक यांच्याबरोबर वाचन सॉफ्टवेअर, वाचक, लेखनिक व अभ्याससाहित्याच्या डिजिटल प्रती यांचाही समावेश होता. आपल्याकडे मात्र ‘दिव्यांगस्नेही’ म्हटले की रॅम्पचे छायाचित्र जोडण्याची पद्धत पडली. रॅम्प आवश्यकच आहे, परंतु चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेला रॅम्प दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचनाचा प्रश्न सोडवीत नाही. त्यास जिन्याच्या कडांना ठळक रंग, खोल्यांच्या दारांवर हाताच्या उंचीवर ब्रेल क्रमांक, पायाला जाणवणाऱ्या उठावदार फरश्या आणि दुचाकी वाहनांनी न अडवलेला व्हरांडा हवा असतो. शेवटच्या गोष्टीस तर काहीच खर्च येत नाही.

महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचे जगही विचारात घ्यावे लागते. जालना रस्त्यासारखा वर्दळीचा रस्ता पांढऱ्या काठीच्या आधाराने एकट्याने ओलांडणे किती धोक्याचे आहे, हे कोणीही डोळे मिटून क्षणभर उभे राहिल्यास समजू शकेल. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी प्रकरणात, सुगमतेचे किमान निकष केवळ शिफारशींच्या स्वरूपात असू शकत नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत, असे म्हटले. ही याचिका करणारी व्यक्ती स्वतः दृष्टिबाधित आहे, ही बाब उल्लेखनीय होय.

पदवीनंतरचा अडथळा

शिक्षण पूर्ण झाल्यावरही संघर्ष संपत नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या ज्या शाळेचा उल्लेख वर आला, त्याच शाळेत व पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत त्यांनी ७७३ वा क्रमांक मिळविला. परंतु दृष्टिहीनतेच्या कारणावरून रेल्वेच्या लेखासेवेत त्यांना नियुक्ती नाकारण्यात आली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळविला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून कार्यभार स्वीकारला. या यशाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये. पहिल्या वेळीही त्या पात्रच होत्या. हक्क मिळविण्यासाठी असामान्यत्व सिद्ध करावे लागत असेल, तर ती व्यवस्था समान म्हणता येणार नाही.

३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिबाधित उमेदवारांना न्यायिक सेवेपासून केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून वंचित ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला व मध्य प्रदेशातील यासंबंधीचा प्रतिबंधक नियम रद्द ठरविला. दिव्यांगत्वावर आधारित भेदभावाविरुद्धच्या हक्कास मूलभूत हक्काच्या तोडीचे मानण्याची वेळ आली आहे, असे मतही न्यायालयाने व्यक्त केले. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांचा उल्लेख आहे, दिव्यांगत्वाचा नाही. ही उणीव लक्षात घेता या निर्णयाचे महत्त्व अधिकच आहे.

महाविद्यालयांसाठी काही उपाय

वरील विवेचनाच्या आधारे पुढील उपाय सुचवावेसे वाटतात.

१) प्राध्यापकांनी टिपणे, प्रश्नसंच व स्वाध्याय युनिकोडमध्ये टंकलिखित करून द्यावेत. हस्तलिखिताची छायाचित्रे हा एकमेव पर्याय असू नये.
२) परिपत्रके व निकाल संकेतस्थळावर वाचनीय मजकुराच्या स्वरूपात ठेवावेत.
३) राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांतून वाचक व लेखनिकांची यादी सत्राच्या प्रारंभीच तयार करावी व त्यांना थोडे प्रशिक्षण द्यावे.
४) ग्रंथालयात किमान एका संगणकावर मराठी वाचणारा स्क्रीन रीडर बसवून ग्रंथालय कर्मचाऱ्यांस त्याचा परिचय करून द्यावा.
५) प्रश्नपत्रिका काढतानाच नकाशा-आकृतीवरील प्रश्नांस समान काठिण्याचे पर्यायी प्रश्न द्यावेत.
६) वर्गात ‘हे’, ‘ते’, ‘इथे’ असे फळ्याकडे बोट दाखवून न बोलता प्रत्येक गोष्ट शब्दांनी सांगावी.
७) कोणतीही व्यवस्था ठरविण्यापूर्वी त्या विद्यार्थ्यास विचारावे. त्याची गरज त्याच्याइतकी अन्य कोणास ठाऊक नसते.

या उपायांपैकी बहुतेकांस स्वतंत्र निधीची आवश्यकता नाही.

समारोप

प्रारंभी उल्लेखिलेली टिपणे प्रस्तुत लेखकाने पुढे युनिकोडमध्ये टंकलिखित करून पाठविली. त्यासाठी दोन संध्याकाळ लागल्या. त्या विद्यार्थिनीने ती ऐकली आणि दुसऱ्या परिच्छेदात एका अनुच्छेदाचा क्रमांक चुकला असल्याचे निदर्शनास आणून दिले. वर्गातील इतर पन्नासांहून अधिक विद्यार्थ्यांनी तीच टिपणे वाचली होती, परंतु ती चूक कोणाच्याही लक्षात आली नव्हती. मजकूर तिच्यापर्यंत पोहोचला नसता तर वर्गही एका चांगल्या वाचकास मुकला असता.

सामाजिक समावेशन म्हणजे बाहेर राहिलेल्यांवर उपकार करून त्यांना आत घेणे नव्हे. आत येण्याची वाट आपणच कोठे अडवली आहे हे तपासणे, आणि आपल्या हातातील अडथळा आपण दूर करणे, असा त्याचा अर्थ आहे. न्यायालये व कायदे यांनी आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. उरलेले काम वर्गात, परीक्षागृहात आणि आपण रोज तयार करीत असलेल्या मजकुरात आहे. या नियतकालिकाचा प्रत्येक अंकही एखाद्या दृष्टिहीन प्राध्यापकास वा संशोधकास स्वतः वाचता येईल अशा स्वरूपात प्रसिद्ध व्हावा, ही अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन थांबवितो.